विश्वासू कारभारी: विल्यम टॉमस कॉस्ग्रेव्ह यांचें चरित्र

ज्युबिलीच्या पुस्तकांत संतांचीं चरित्रें छापण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्यांस संसार आहे, दुकान आहे, कचेरी आहे, ज्यांस गांवच्या पंचायतींत किंवा शहरच्या म्युनिसिपालिटींत बसून चार लोकांचा पैसा व चार लोकांचें हित सांभाळावें लागतें, अशा आमच्या बंधुभगिनींस एखाद्या प्रापंचिक कॅथलिक गृहस्थाचेंहि चरित्र वाचावयास मिळावें, असें आम्हांस वाटलें. म्हणून आयर्लंड देशाचे कारभारी विल्यम टॉमस कॉस्ग्रेव्ह यांची हकीकत आम्ही येथें देत आहों. ते संत नव्हते. त्यांच्या हातून जशीं थोर कामें झालीं, तशींच कांहीं कठोर कृत्येंहि झालीं, आणि तीं आम्ही झांकून ठेवणार नाहीं. परंतु अधिकार म्हणजे आपली मिळकत नसून सोंपविलेली ठेव आहे, तिचा हिशेब द्यावयाचा आहे व वेळ येतांच ती मुकाट्यानें परत करावयाची आहे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत जितकी स्पष्ट दिसते, तितकी फार थोड्या राजकारणी पुरुषांच्या चरित्रांत दिसते.

विल्यम यांचा जन्म इ. स. १८८० च्या जून महिन्यांत डब्लिन शहरांतील जेम्स स्ट्रीट ह्या रस्त्यावर झाला. गिनेस नांवाच्या बीअरचा प्रसिद्ध कारखाना ह्याच भागांत आहे. त्यांच्या वडिलांचें तेथें किराणा मालाचें व मद्याचें दुकान होतें. विल्यम आठ वर्षांचे असतांनाच वडील वारले, आणि कांहीं काळानें आईनें पुनर्विवाह केला. मुलाचें शिक्षण ख्रिश्चन ब्रदर्स यांच्या शाळेंत झालें. विश्वविद्यालयाचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं. शाळा संपतांच ते घरच्या दुकानांत उभे राहूं लागले, आणि नाण्यांची मोजदाद, उधारीची वही व गिऱ्हाइकाचा स्वभाव ह्या तीन विषयांचा त्यांचा अभ्यास तेथेंच झाला. पुढें मोठमोठ्या पंडितांबरोबर राज्यकारभार करतांना हाच अभ्यास त्यांच्या उपयोगीं पडला.

त्या काळीं आयर्लंडला स्वतःची लोकसभा नव्हती. इ. स. १८०१ पासून तो देश लंडनच्या पार्लमेंटखालीं होता. बहुसंख्य प्रजा कॅथलिक, परंतु कॅथलिकांस पार्लमेंटांत बसण्याचा हक्क मिळण्यास इ. स. १८२९ साल उजाडावें लागलें. गांवोगांवचा कारभार मात्र १८९८ च्या कायद्यानें लोकनियुक्त सभांच्या हातीं आला होता. देशी पुढाऱ्यांस राज्य चालविण्याचें शिक्षण मिळण्याजोगी तीच एक शाळा होती. आर्थर ग्रिफिथ यांनीं १९०५ सालीं सिन फेन पक्षाचा पाया घातला, तेव्हां पहिल्याच सभेस तरुण कॉस्ग्रेव्ह हजर होते. १९०९ सालीं त्या पक्षातर्फे ते डब्लिन कॉर्पोरेशनमध्यें निवडून आले.

डब्लिनची दशा तेव्हां करुणास्पद होती. एके काळच्या सरदारांच्या हवेल्यांत आतां एकेका खोलींत एकेक कुटुंब रहात असे. १९१३ च्या सप्टेंबरांत चर्च स्ट्रीटवरील दोन जुनीं घरें कोसळून सात माणसें मेलीं, तेव्हां चौकशी झाली. वीस हजारांहून अधिक कुटुंबें प्रत्येकीं एकाच खोलींत संसार करीत आहेत, असें तींत आढळलें; आणि अशीं घरें भाड्यानें देणाऱ्या मालकांत खुद्द कॉर्पोरेशनचेच कित्येक सभासद निघाले! कॉस्ग्रेव्ह हे मोठे वक्ते नव्हते. ठेंगणी मूर्ति, साधा पोषाख आणि मिस्किल बोलणें. परंतु गरिबांच्या घरांचा प्रश्न आणि शहराच्या जमाखर्चाचे आंकडे हे दोन विषय त्यांनीं धरून ठेवले, आणि कांहीं वर्षांत कॉर्पोरेशनच्या अर्थसमितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. विरोधी पक्षाचे सभासदहि त्यांच्या आंकड्यांवर भरंवसा ठेवीत, असा त्यांचा लौकिक होता.

हा हिशेबी मनुष्य बंडांत पडेल, असें कोणासहि वाटलें नसतें. परंतु १९१३ सालीं स्वयंसेवक दलाची स्थापना होतांच ते त्यांत दाखल झाले. १९१६ च्या ईस्टर सोमवारीं, म्हणजे २४ एप्रिल रोजीं, बंड उभें राहिलें. कॉस्ग्रेव्ह एमन केंट यांच्या हाताखालीं साउथ डब्लिन युनियन ह्या ठिकाणीं लढले. निराधार व आजारी लोकांस ठेवण्याचें तें एक प्रचंड सरकारी आवार होतें, आणि तें त्यांच्या घराजवळच असल्यानें तेथील वाटा त्यांस ठाऊक होत्या. तेथेंच त्यांचे सावत्र भाऊ फ्रँक बर्क गोळी लागून मरण पावले. आठवड्यानें बंड मोडलें. लष्करी न्यायालयानें कॉस्ग्रेव्ह यांस देहांत शासन फर्माविलें. केंट यांस ८ मे रोजीं गोळी घालण्यांत आली, परंतु कॉस्ग्रेव्ह यांची शिक्षा बदलून जन्मठेप झाली. आपले सोबती गेले आणि आपण उरलों, ही जाणीव घेऊन ते तुरुंगांत गेले.

१९१७ च्या जूनमध्यें सर्वांस माफी मिळाली, आणि दोनच महिन्यांनीं किल्केनी शहराच्या पोटनिवडणुकींत कॉस्ग्रेव्ह विजयी झाले. सिन फेनच्या सभासदांनीं लंडनला न जातां २१ जानेवारी १९१९ रोजीं डब्लिनमध्येंच स्वतःची लोकसभा भरविली. तिला डॉल असें म्हणतात. एप्रिलमध्यें डे व्हॅलेरा यांनीं मंत्रिमंडळ बनविलें, तेव्हां स्थानिक स्वराज्याचें खातें कॉस्ग्रेव्ह यांच्याकडे आलें. दहा वर्षें शहराच्या सभेंत बसलेला दुसरा असा मनुष्य त्या मंडळांत नव्हता. त्याच वर्षीं जूनमध्यें लुइझा फ्लॅनगन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

ह्या खात्यास ना कचेरी, ना शिपाई, ना खजिना! तरी स्वातंत्र्ययुद्धांतील एक मोठी लढाई ह्याच खात्यानें लढली. १९२० च्या निवडणुकांत बहुतेक नगरसभा व जिल्हासभा सिन फेनच्या हातीं आल्या, आणि त्यांनीं आपण डॉलचा हुकूम मानूं, ब्रिटिश सरकारचा नव्हे, असे ठराव केले. सरकारनें त्यांचें अनुदान बंद केलें. आतां रस्ते, इस्पितळें व निराधारांचा सांभाळ हें सर्व केवळ घरपट्टीच्या पैशांवर चालवावयाचें होतें; पट्टी वसूल करणाऱ्यांमागें सैनिक लागलेले, आणि सभासद कधीं तुरुंगांत तर कधीं रानांत. कॉस्ग्रेव्ह व त्यांचे तरुण साहाय्यक केव्हिन ओहिगिन्स यांनीं लपतछपत हिशेब तपासले, काटकसर शिकविली आणि लोकांची कामें अगदीं बंद पडूं दिलीं नाहींत. बंदूक हातीं घेणाऱ्यांचीं गाणीं होतात. परंतु परकी सरकार चालेनासें होऊन देशी सरकार चालूं लागलें, ह्याचें पुष्कळसें श्रेय ह्या वह्यांनाहि दिलें पाहिजे. येथें एक उणेंहि सांगितलें पाहिजे. निराश्रितगृहांत वाढलेल्या लोकांविषयीं त्यांनीं १९२१ सालीं एका सहकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत मोठा कठोर तिरस्कार व्यक्त झाला आहे. गरिबांच्या घरांसाठीं झटणाऱ्या पुरुषाच्या लेखणीस तो शोभत नाहीं.

६ डिसेंबर १९२१ रोजीं लंडनमध्यें तह झाला. त्यानें सव्वीस जिल्ह्यांस स्वराज्य मिळालें, परंतु राजनिष्ठेची शपथ राहिली आणि उत्तरेचे सहा जिल्हे वेगळेच राहिले. तहाचा स्वीकार करावा कीं नाहीं, ह्या प्रश्नावर डॉलच्या सात मंत्र्यांत चार व तीन अशी फूट पडली. डे व्हॅलेरा विरुद्ध होते. कॉस्ग्रेव्ह यांचें मत तहाच्या बाजूस पडलें, आणि त्यानेंच पारडें झुकलें. जानेवारींत डॉलनेंहि ६४ विरुद्ध ५७ मतांनीं तह मान्य केला. ज्यांनीं एकत्र कारावास भोगला होता, तेच एकमेकांचे वैरी झाले, आणि २८ जून १९२२ रोजीं देशांत यादवी सुरू झाली.

ऑगस्टच्या १२ तारखेस ग्रिफिथ वारले. २२ तारखेस सेनापति मायकेल कॉलिन्स दबा धरून बसलेल्यांच्या गोळीस बळी पडले. दहा दिवसांत दोन्ही पुढारी गेले, आणि ज्यांच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें, ते बेचाळीस वर्षांचे कॉस्ग्रेव्ह सरकारचे प्रमुख झाले. अर्थखातेंहि त्यांनीं वर्षभर स्वतःकडेच ठेविलें.

आतां आम्ही ह्या चरित्राच्या सर्वांत दुःखद भागाकडे येतों. सरकारनें लष्करी न्यायालयांस देहदंडाचा अधिकार दिला. नोव्हेंबर १९२२ पासून पुढील मे महिन्यापर्यंत सरकारी गणतीप्रमाणें ७७ बंडखोरांस गोळ्या घालण्यांत आल्या. ७ डिसेंबर रोजीं डॉलचे एक सभासद शॉन हेल्स यांचा भर रस्त्यांत खून झाला. दुसऱ्याच दिवशीं पहाटे, पूर्वीपासून कैदेंत असलेल्या चौघांस, ज्यांचा त्या खुनाशीं कांहीं संबंध असणें शक्य नव्हतें, त्यांस चौकशीवांचून ठार करण्यांत आलें. तो ८ डिसेंबर, म्हणजे निष्कलंक मरियेच्या सणाचा दिवस होता. त्या चौघांपैकीं रोरी ओकॉनर हे तर गृहमंत्री ओहिगिन्स यांच्या लग्नांत वराचे सोबती होते! आयर्लंडच्या बिशपांनीं ऑक्टोबरमध्येंच पत्रक काढून सरकारची बाजू घेतली होती व बंडखोरांस दोषी ठरविलें होतें. तरी ह्या कृत्यानंतर डब्लिनचे आर्चबिशप एडवर्ड बर्न यांनीं कॉस्ग्रेव्ह यांस खासगी रीतीनें आपला नैतिक निषेध कळविला. राज्य वांचविण्यासाठीं हें करावें लागलें, असें कॉस्ग्रेव्ह यांचें शेवटपर्यंत म्हणणें होतें. परंतु एकाच्या अपराधासाठीं दुसऱ्याचा जीव घेणें हें कोणत्याहि हेतूनें न्याय्य ठरत नाहीं, हीच आमच्या धर्माची शिकवण आहे, आणि चरित्रनायकाविषयींच्या आदरास्तव ती आम्ही बाजूस ठेवूं शकत नाहीं. जानेवारी १९२३ मध्यें विरोधकांनीं त्यांचें राहतें घर जाळलें. मे महिन्यांत यादवी थांबली.

त्यानंतर जळलेल्या देशाची घडी बसविण्याचें काम आलें. पूल पाडलेले, आगगाडीचे रूळ उखडलेले, तिजोरी रिकामी. सैन्य पन्नास हजारांच्या वर गेलें होतें, तें झपाट्यानें कमी केलें. त्यावरून १९२४ च्या मार्चमध्यें कांहीं अधिकाऱ्यांनीं सरकारास धमकी दिली. त्या वेळीं कॉस्ग्रेव्ह स्वतः आजारी होते. पण त्यांच्या सरकारनें त्या अधिकाऱ्यांसच नव्हे, तर वरच्या सेनापतींसहि दूर करून, सैन्य हें लोकसभेचें चाकर आहे, हा नियम कायम केला. पोलिसदल तर बिनहत्यारी ठेवण्यांत आलें. १९२३ च्या सप्टेंबरांत आयर्लंड राष्ट्रसंघाचा सभासद झाला. शॅनन नदीचें पाणी अडवून वीज उत्पन्न करण्याचें काम १९२५ सालीं हातीं घेतलें. पांच दशलक्ष पाउंडांहून अधिक खर्चाचें तें धाडस पाहून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. २२ जुलै १९२९ रोजीं कॉस्ग्रेव्ह यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें आणि बिशप फोगर्टी यांनीं त्यास आशीर्वाद दिला. ह्या सर्वांची किंमत मात्र पुष्कळदां गरिबांनीं दिली. १९२४ सालीं वृद्धांच्या आठवड्याच्या दहा शिलिंग पेन्शनमधून एक शिलिंग कापण्यांत आला. हिशेब जुळला, परंतु त्या एका शिलिंगाची आठवण लोकांनीं पुढें अनेक निवडणुकांत ठेविली.

ज्या डब्लिन कॉर्पोरेशनमध्यें कॉस्ग्रेव्ह यांनीं राजकारणाचा श्रीगणेशा केला, तें कॉर्पोरेशनच त्यांच्या सरकारनें १९२४ सालीं बरखास्त करून तेथें आयुक्त नेमले. कारभारांतील ढिलाई हें कारण दिलें गेलें. सहा वर्षांनंतर लोकनियुक्त सभा पुन्हा आली. नोकऱ्या वशिल्यानें देण्याची जुनी खोड मोडण्यासाठीं १९२६ सालीं त्यांनीं एक स्वतंत्र मंडळ नेमलें. वरच्या जागांसाठीं उमेदवार तें निवडील व स्थानिक सभांनीं तो घेतलाच पाहिजे, असा कायदा झाला.

ह्या कायद्याची कसोटी १९३० सालीं मेयो जिल्ह्यांत लागली. मंडळानें तेथील ग्रंथपालाच्या जागेवर एका प्रॉटेस्टंट बाईंची निवड केली. जिल्हासभेनें त्यांस घेण्याचें नाकारलें. त्यांस आयरिश भाषा पुरेशी येत नाहीं, हें एक कारण. पण कॅथलिक जिल्ह्यांत पुस्तकें निवडण्याचें काम प्रॉटेस्टंटाकडे नको, हें खरें कारण. कित्येक धर्मगुरुहि सभेच्या बाजूस होते. कॉस्ग्रेव्ह हे नित्य प्रार्थना करणारे, पोपमहाराजांकडून मोठा किताब मिळालेले कॅथलिक. १९२१ सालीं तर प्रत्येक कायदा धर्माशीं जुळतो कीं नाहीं, हें पाहण्यास धर्मपंडितांचें मंडळ असावें, अशी सूचना त्यांनींच केली होती, आणि १९२५ सालीं घटस्फोटाची वाट त्यांच्याच सरकारनें बंद केली. तेव्हां ते बिशपांच्या मर्जीप्रमाणें वागतील, असें सर्वांस वाटलें. परंतु राज्यघटनेंत धर्मावरून भेद न करण्याचें वचन होतें. त्यांनीं जिल्हासभा बरखास्त केली, आयुक्त नेमून त्या बाईंस जागेवर बसविलें, आणि सरकारी नेमणुकींत धर्म पाहणें म्हणजे राज्याचा पाया सोडणें होय, असें आर्चबिशप गिलमार्टिन यांस नम्रपणें, पण स्पष्ट कळविलें. लोकांनीं वाचनालयावर बहिष्कार घातला. शेवटीं १९३२ च्या आरंभीं, निवडणूक तोंडावर असतांना, त्या बाईंची बदली डब्लिनच्या लष्करी ग्रंथालयांत झाली. म्हणजे तत्त्व वर्षभर टिकलें आणि मग वांकलें. तरी स्वधर्मावरील प्रेम आणि परधर्मीयास न्याय हीं दोन्हीं एकाच कॅथलिक अंतःकरणांत नांदूं शकतात, हें त्या वर्षानें दाखविलें. आपण हिंदुस्थानांतील कॅथलिक संख्येनें थोडे आहों. अशा न्यायाचें मोल आपणांस अधिक कळावें.

१० जुलै १९२७ रोजीं, रविवारीं, मिस्सेस जात असतां ओहिगिन्स यांचा खून झाला. मरतांना त्यांनीं मारेकऱ्यांस क्षमा केली. त्यानंतर कॉस्ग्रेव्ह यांनीं असा कायदा आणिला कीं, निवडून येणाऱ्यानें लोकसभेंत येऊन बसलें पाहिजे, नाहीं तर जागा सोडली पाहिजे. डे व्हॅलेरा यांचा फियाना फॉल पक्ष तोंपर्यंत शपथेमुळें बाहेर होता. तो ऑगस्टमध्यें आंत आला. लगेच अविश्वासाचा ठराव आला आणि दोन्हीकडे ७१ मतें पडलीं! अध्यक्षांच्या एका मतानें सरकार वांचलें. विरोधकांस आंत आणल्यानें आपलीच गादी डळमळणार, हें कॉस्ग्रेव्ह जाणत होते. पण बंदुकीपेक्षां मतानें हरणें बरें, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब चुकता करण्याचा दिवस १९३२ सालीं आला. फेब्रुवारीच्या निवडणुकींत फियाना फॉलला ७२ जागा मिळाल्या आणि कॉस्ग्रेव्ह यांच्या पक्षास ५७. नव्या बांकांवर तेच लोक बसणार होते, ज्यांच्या सोबत्यांस दहा वर्षांपूर्वीं ह्या सरकारनें गोळ्या घातल्या होत्या. सैन्य व पोलिस कॉस्ग्रेव्ह यांनीं उभारलेले. आतां हे लोक सत्ता सोडणार नाहींत, अशी अफवा सर्वत्र होती. ९ मार्च रोजीं कांहीं नवे सभासद खिशांत पिस्तूल घालून सभागृहांत आले, असें सांगतात. परंतु कांहींच झालें नाहीं. मतें मोजलीं गेलीं, ८१ विरुद्ध ६८ मतांनीं डे व्हॅलेरा निवडले गेले, आणि कॉस्ग्रेव्ह उठून विरोधी बांकांवर जाऊन बसले. सैनिकांनीं नव्या धन्यास सलाम केला. आम्हांस त्यांच्या आयुष्यांत हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. त्याच वर्षीं जूनमध्यें डब्लिनला आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली. तिची तयारी कॉस्ग्रेव्ह यांच्या अमदानींत झाली, पण यजमानपद डे व्हॅलेरा यांच्याकडे गेलें. दोघेहि एकाच वेदीपुढें गुडघे टेकणारे होते. हीच काँग्रेस १९६४ सालीं आपल्या मुंबईंत भरली, हें वाचकांस ठाऊक आहेच.

पुढील बारा वर्षें कॉस्ग्रेव्ह विरोधी पक्षांत राहिले. महायुद्धाच्या वेळीं देशाच्या तटस्थतेस त्यांनीं पाठिंबा दिला, आणि १९४० सालीं जुने वैर विसरून ते डे व्हॅलेरा यांच्याबरोबर एका व्यासपीठावर उभे राहिले. १९४४ सालीं त्यांनीं राजकारण सोडलें. १६ नोव्हेंबर १९६५ रोजीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, ते देवाघरीं गेले. त्या वेळीं सरकारचे प्रमुख शॉन लेमास होते. त्यांच्या भावास, नोएल यांस, १९२३ सालीं पळवून नेऊन ठार करण्यांत आलें होतें, आणि तें कॉस्ग्रेव्ह यांच्या सरकारच्याच माणसांनीं केलें, असा सर्वांचा समज होता. त्याच लेमास यांनीं लोकसभेंत उभें राहून कॉस्ग्रेव्ह यांच्या निष्ठेचा, आणि विशेषेंकरून १९३२ च्या त्या शांत सत्तांतराचा, गौरव केला. सरकारी इतमामानें त्यांचा देह त्यांच्या जन्मस्थानापासून फार दूर नसलेल्या गोल्डनब्रिज ह्या जुन्या कॅथलिक स्मशानभूमींत ठेवण्यांत आला. त्यांचे पुत्र लियम हे १९७३ ते १९७७ पर्यंत देशाचे पंतप्रधान होते.

वाचकहो, आपणांपैकीं कोणी सोसायटीचा खजिनदार असेल, कोणी पंचायतीचा सभासद, कोणी शाळेच्या समितीवर असेल. वही स्वच्छ ठेवणें, परधर्मीयास त्याचा वाटा देणें, आणि मुदत संपतांच किल्ल्या हंसतमुखानें दुसऱ्याच्या हातीं देणें, हीं कामें दिसावयास लहान आहेत. कॉस्ग्रेव्ह तीं एका शहराच्या सभेंत शिकले आणि एका राष्ट्रासाठीं त्यांनीं तीं केलीं. त्यांच्या आत्म्यास, आणि त्यांच्या सरकारच्या हुकुमानें ज्यांचे प्राण गेले त्या सर्वांच्या आत्म्यांस, दयाळू परमेश्वर चिरशांति देवो.